चांदण्यातला बांबू

रेवा आणि ओम,

गेल्या आठवड्यात तुमच्या आईने एक फोटो पाठवला. रेवा लाकडी बाकावर बसली आहे, मांडीवर तिने स्वतः विणलेली टोपली आहे आणि ती टोपली डावीकडे बरीच कलली आहे. फोटोखाली रेवाने लिहिलं होतं, "आजी, आमच्याकडे वसंत आला. गावात शेतकऱ्यांचा बाजार भरला होता, तिथे टोपल्या विणायला शिकवत होते. तुमच्याकडे वसंत असतो का?" त्याखाली ओमने परस्पर उत्तर देऊन टाकलं होतं, की आजीकडे उन्हाळा, जास्त उन्हाळा आणि पाऊस असे तीनच ऋतू असतात.

मी फोनवरच लिहायला घेतलं. दोन ओळी झाल्या आणि लक्षात आलं की हे दोन ओळींचं काम नाही. म्हणून वही काढली, तारीख घातली, समास आखला. तुमची आई वाचून दाखवेल. रेवा, टोपली कलली म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्याजवळ सहा टोपल्यांची एक आठवण आहे. त्या सहाही अगदी सरळ होत्या. चूक त्यांच्यात नव्हती, माझ्यात होती.

वसंत असतो, ओम. शाळा-कॉलेजात मला जो इंग्रजी वसंत शिकवला त्यात बर्फ वितळायचा आणि कुरणात कोकरं बागडायची. त्यावर मी परीक्षेत चांगले गुणही मिळवले. आमच्याकडचा वसंत मात्र मला कुणी शिकवला नव्हता. बी. ए. झाले, लग्न होऊन तारापूरच्या वाटेवरच्या आमच्या वाडीत आले, आणि तो मला आधी नाकाने कळला. सकाळी वारा डोंगराकडून यायचा, त्याला मोहाच्या फुलांचा गोड, जरासा आंबूस वास असायचा. दुपारी तोच वारा फिरून समुद्राकडून यायचा आणि किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील घेऊन यायचा. या दोन वासांच्या मध्ये आमच्या आंब्यांचा मोहोर. सासूबाईंना घड्याळ लागत नसे. बोंबलांचा वास आला की त्या म्हणायच्या, चहा ठेव.

फाल्गुन लागला की शेतांचा रंगच बदलायचा. भातानंतर पेरलेला वाल काढून झालेला असे. शेतकरी पालापाचोळा, फांद्या, शेण एका तुकड्यावर पसरून वरून माती टाकून ते जाळत, म्हणजे पावसाळ्यात त्याच जागी भाताचं रोप चांगलं येतं. त्याला राब भाजणं म्हणतात. तो धूर खाली खाली सरकत शेतांवरून जायचा, आणि त्याच्या पलीकडे पळस लाल झालेला दिसायचा. आज त्या बाजूला, कुंभवलीकडे, कारखान्यांच्या भिंती आहेत. परवा रिक्षातून जाताना एका भिंतीला टेकून उभा असलेला पळस दिसला, भरगच्च फुललेला. मी रिक्षावाल्याला जरा थांबायला सांगितलं. त्याने हिंदीत विचारलं, काही पडलं का, माताजी? मी म्हटलं, नाही, चला.

आता जेठीची ओळख करून देते.

जेठी वारली जमातीतली. डोंगराच्या पायथ्याशी तिचा पाडा होता, आमच्या वाडीपासून बैलगाडीने तासाभराच्या अंतरावर. पावसावर पिकणारा भाताचा एक लहानसा तुकडा, घरात सासू, नवरा आणि दोन मुलं. वाल तोडायला ती आमच्याकडे यायची आणि उरलेल्या वेळात बांबूच्या टोपल्या, सुपं विणून बोईसरच्या आठवडी बाजारात विकायची. माझ्याच वयाची असेल. अंगाने बारीक, बोलायला कमी, पण जे बोलायची ते बोचायचं. मी तेव्हा गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले होते, म्हणून ती मला मास्तरीणबाय म्हणायची. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिचं विणणं बघत बसावं असं होतं. कोयत्याने बांबू उभा चिरायचा, त्याच्या कामट्या काढायच्या, मग एकेक कामटी पायाच्या अंगठ्यात धरून सुरीने तासायची, ती कागदासारखी वाकेपर्यंत. तासताना बांबूचा आवाज यायचा, ओल्या पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखा. बूड विणताना ती काही बोलायची नाही. बूड झालं, कामट्या वर वळल्या की मग तोंड सुटायचं.

ही आठवण आहे ती माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वसंतातली, साठीच्या दशकाच्या सुरुवातीची. आमच्या वाडीतली भाजी तोवर बाजारात एका पोत्यावर ढीग करून विकली जायची. वांगी मिरच्यांत, मिरच्या शेवग्याच्या शेंगांत. मला ते बघवत नसे. मी ठरवलं की होळीच्या बाजारात आपली भाजी नीट, वेगवेगळ्या टोपल्यांत मांडायची. सहा टोपल्या, सगळ्या एका मापाच्या. तुमचे आजोबा म्हणाले, कर. सासूबाई काहीच म्हणाल्या नाहीत. त्या काहीच म्हणाल्या नाहीत की समजायचं, त्यांना वेगळं काहीतरी वाटतंय.

होळीच्या आधीचा बाजार वर्षातला मोठा. कामासाठी पांगलेली डोंगरातली माणसं होळीला घरी येतात आणि होळी झाली की पुन्हा पांगतात. त्यामुळे त्या एका दिवशी बोईसरला पाय ठेवायला जागा नसे. किनाऱ्यावरच्या बाया एका रांगेत बसायच्या, पुढ्यात जवळा, बोंबील, सुकट. त्यांच्या समोरच्या रांगेत डोंगराकडच्या बाया, पुढ्यात मोहाची फुलं, डिंक, शिंदीच्या केरसुण्या, सुपं. पैशाशिवायच बरंच काही इकडचं तिकडे व्हायचं, सूपभर जवळा देऊन सूपभर नाचणी. वाणगावकडच्या लाल मिरच्यांचे ढीग उपसायला लागले की दोन्ही रांगा मिळून शिंकायच्या. एकीने शिंकायला सुरुवात केली की पलीकडची कुणीतरी तिला नाव ठेवायची आणि मग तीच शिंकायची.

तर होळीला आठ-दहा दिवस असताना मी जेठीला बोलावलं. शिवणाच्या डब्यातली पिवळी मोजपट्टी काढली आणि तिला दाखवलं, तोंडाशी सोळा इंच, उंची नऊ. जेठीने पट्टीकडे पाहिलं आणि विचारलं, हा पिवळा साप चावतो का? मग तिने कमरेची शिंदीची दोरी काढली, पट्टीला लावली, सोळावर एक गाठ मारली आणि नवावर दुसरी. पण दोरी कमरेला खोचली मात्र नाही. हातातच धरून बसली.

तिच्या घरची एक रीत होती. गिऱ्हाइकाच्या मापाची दोरी कमरेला खोचली की शब्द दिला. मग ती वस्तू ठरल्या दिवशी द्यायचीच, आणि दिल्यावर गिऱ्हाइकासमोर दोरीच्या गाठी सोडायच्या. तोपर्यंत दोरी कमरेलाच राहायची.

"होळी झाल्यावर देते, बाय," ती म्हणाली. "आता चांदणं हाय. चांदण्यातला बांबू नाय तोडायचा, त्याला पीठ पडतं."

तुम्हाला समजावं म्हणून सांगते. महिन्याचे दोन पंधरवडे असतात, एकात चंद्र वाढतो, दुसऱ्यात घटतो. होळीला पौर्णिमा असते, म्हणजे होळीच्या आधीचे दिवस वाढत्या चंद्राचे. जेठीच्या लोकांचं म्हणणं असं, की त्या दिवसांत तोडलेल्या बांबूला कीड लागते. बारीक भोकं पडतात आणि त्यांतून पिवळट पीठ गळत राहतं. म्हणून बांबू काळोखाच्या पंधरवड्यात तोडायचा.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला बरंच काही ठाऊक होतं. मी तिला सांगितलं की चंद्र इथून फार लांब आहे, त्याला बांबूशी काही देणंघेणं नाही. कीड लागते ती ओलीमुळे, ठेवण्याच्या पद्धतीमुळे. हे सगळं मी शाळेत सांगते तशा सुरात सांगितलं. ती ऐकत होती, दोरीवरून बोट फिरवत. शेवटी मी म्हटलं, मला होळीच्या बाजारालाच हव्यात, नंतर मिळून काय उपयोग?

जेठीने दोन्ही गाठी ओढून पाहिल्या. मग तिने दोरी कमरेला खोचली आणि म्हणाली, "बरं, बाय."

मला वाटलं, पटलं तिला.

ठरल्याप्रमाणे होळीच्या दोन दिवस आधी सहा टोपल्या आल्या. मी प्रत्येकीला पट्टी लावली. एकही अर्ध्या इंचाने चुकलेली नव्हती. जेठीने माझ्यासमोर गाठी सोडल्या आणि दोरी झटकली. बाजारात आमची जागा सगळ्यांत उठून दिसली, हे मी आज म्हातारपणीही अभिमानाने लिहिते. वांगी एकीत, दुसरीत मिरच्या, मग शेवगा, घेवडा, कैऱ्या, आणि सहावीत सासूबाईंनी काही न विचारता आणून ठेवलेला मोगरा. लोक भाजी घ्यायचे आणि टोपलीच्या काठावरून हात फिरवून विचारायचे, ही कोणी विणली? मी समोरच्या रांगेतल्या जेठीकडे बोट दाखवायची. ती मान खाली घालून सुपं नीट करायची.

होळीनंतर तिसऱ्या दिवशी तिचा नवरा मिठागरावर कामाला गेला. तो मिरगाच्या तोंडावर, म्हणजे जूनमध्ये, परतायचा. डोंगरात चढून बांबू तोडून आणणं हे पुरुषाचं काम, विणणं दोघांचं. पण विणण्यात हात जेठीचा. तो गेला म्हणजे घरात पाऊस येईपर्यंत नवा बांबू येणार नाही. हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि त्यावर विचार करणं यांत मात्र अंतर राहिलं.

चैत्र मला सगळ्यांत आवडायचा. पाडव्याच्या साखरेच्या गाठ्या दोन दिवसांत मऊ व्हायच्या आणि मुंग्या लागायच्या. अंगणात खाटेवर कुरडया वाळायच्या, आणि कावळे राखायचं काम मला दिलेलं असायचं, कारण मी पुस्तक घेऊन एका जागी बसते हे सासूबाईंनी ओळखलं होतं. लग्नसराई चालू असायची. पाड्यावर लग्नघरातल्या गेरूच्या भिंतीवर बाया तांदळाच्या पिठाने पांढरा चौक काढायच्या. ताडगोळे यायचे. वाडीतल्या पाटाला पाणी सोडलं की ओल्या मातीवर पिवळी फुलपाखरं बसायची. बसल्या जागी किती काय काय चालू असायचं. आता मी पालघरला तिसऱ्या मजल्यावर राहते आणि कुरडया पाकिटातून येतात. चांगल्या असतात, तक्रार नाही. फक्त त्यांना कावळ्यांची भीती नाही.

अशाच एका दुपारी भिकूबाय आली. भिकूबाय किनाऱ्यावरची कोळीण, सुकी मासळी घेऊन वाडीवाडीतून, पाड्यापाड्यातून फिरायची. डोक्यावर पाटी, काष्टा कसलेला, आवाज असा की ती वेशीपाशी असतानाच आमची मांजर दारात येऊन बसायची. मी सुकट निवडून घेत होते आणि घ्यायला मी तीच टोपली आणली होती, सोळा बाय नऊची. टोपली हातात असल्यामुळे मला पुन्हा माझं व्याख्यान आठवलं. मी भिकूबायला टोपली उलटी करून दाखवली. म्हटलं, बघ, महिना झाला, चांदण्यातला बांबू आहे हा, पीठ पडलंय का कुठे? उगाच लोक चंद्राला बोल लावतात.

भिकूबायने टोपली हातात घेतली, बुडाला नख मारून पाहिलं, आणि परत दिली.

"हा काळोखातला हाय," ती म्हणाली. "चांदण्यातला जेठीच्या घरात हाय. काल तिथंच बसलेली मी. म्हातारी सकाळच्याला कणगीखालचं पीठ झाडीत होती. कणगी पोटातून वाकलीय. आता मिरगापर्यंत काय टिकत नाय ती."

मी विचारलं, म्हणजे काय?

"म्हणजे काय, म्हणजे काय. कणगीचा बांबू ओहोळात भिजत ठेवलेला त्यांनी, माघातल्या काळोखात तोडलेला. तो तुमच्या टोपल्यांत गेला. मग नवरा जायच्या आधी घाईघाईत चांदण्यातला तोडला नि कणगी केली. आख्ख्या पाड्याला ठावं हाय. तुमाला नाय?"

कणगी म्हणजे कमरेएवढी उंच बांबूची कोठी, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली. जेठीच्या कणगीत खायचं भात नव्हतं, ते तोवर संपतच आलेलं असायचं. तिच्यात बी होतं. जूनमध्ये पेरायचं भाताचं बी, वर्षभर बाजूला काढून ठेवलेलं, उपास पडला तरी ज्याला हात लावायचा नाही ते. कणगी फुटली की उंदीर आले, ओल आली. बी गेलं की त्या तुकड्यात त्या वर्षी काही उगवणार नाही. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. दोन वर्षांत तेवढी शेती मलाही कळायला लागली होती.

आणि आमच्या वाडीच्या कडेला बांबूचं बेट होतं. चांगलं दाट बेट. ते तिने कधी मागितलं नाही आणि मी कधी देऊ केलं नाही.

भिकूबाय गेल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना आधीपासून ठाऊक होतं का, हे मी विचारलं नाही. त्या कुरडया उलटत होत्या. म्हणाल्या, उद्या सकाळी गाडी जुंपायला सांग. सकाळी मी सहाही टोपल्या गाडीत ठेवल्या तर त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सुमन, टोपली रिकामी नेऊ नये." आणि प्रत्येकीत काही ना काही घातलं, वाल, गूळ, दोन नारळ, चिकू.

जेठी अंगणात सूप विणत बसली होती. बूड चालू होतं, म्हणून ती उठली नाही, नुसती मान हलवली. मी आत गेले. कारवीच्या कुडाचं घर, आत गार, अंधुक. कोपऱ्यात कणगी उभी होती, एका बाजूला पोट सुटलेली. लिंपणाला भेगा पडल्या होत्या आणि भेगांतून दिसणाऱ्या कामट्यांवर टाचणीने टोचावं तशी भोकं. मी बोट लावलं. बोटावर बेसनासारखं पीठ आलं.

बाहेर येऊन मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि विचारलं, "जेठी, मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं ना. चांदण्यातला तोडायचा नाय म्हणून."

"ते नव्हे. कणगीचा बांबू मला दिलास ते."

"तुमी विचारलं नाय, बाय."

तिने ती कामटी पूर्ण ओवली, टोक आत दाबलं. मग म्हणाली, "टोपली बाजारात जाते. चार माणसं हात लावतात, कोणी विणली विचारतात. तिला पीठ पडलं तं माजं नाव गेलं. कणगी माज्या घरात हाय. ती कोण बघतो?"

"मी बघितली," मी म्हटलं.

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. रागावलेली नव्हती. थोडी चिडलेली असेल, ती माझ्यावर की स्वतःवर, सांगता यायचं नाही. मी टोपल्या गाडीतून उतरवल्या आणि म्हटलं, यांना लिंपून घेऊ, बी यांत ठेव. तिने सहाही टोपल्यांकडे एकदा नीट पाहिलं, एकात एक ठेवून पाहिल्या, पुन्हा वेगळ्या केल्या. तिची सासू दारातून म्हणाली, चांगल्या हायत. मग जेठीने सूप बाजूला ठेवलं.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा शेणमाती कालवली. जेठीने तीन टोपल्या लिंपल्या तेव्हा माझी पहिली चालू होती, आणि तीही एकीकडे जाड, एकीकडे पातळ. तिची मुलं माझ्याकडे बघत होती, जत्रेतल्या अस्वलाकडे बघावं तशी. जेठी म्हणाली, "मास्तरीणबाय, साप आणला नाय का आज? मोजून लिंपा." तिची सासू इतकी हसली की तिला खोकला आला. मीही हसले. नाकाला माती लागली होती ती पुसायला हात मोकळा नव्हता.

टोपल्या दोन दिवस उन्हात वाळल्या. मग बी भरलं. त्या दिवशी मी पुन्हा गेले होते. कणगीतून काढलेलं भात आधी पाखडलं, चादरीवर पसरून एकेक ओंजळ तपासली. भात चांगलं होतं, किडीने बांबूच खाल्ला होता. सहा टोपल्यांत सगळं बसलं आणि वर दोन ओंजळी उरल्या, त्या सहावीत दाबून बसवल्या. टोपल्या एका मापाच्या, म्हणून तिने त्या फळीवर एका ओळीत लावल्या आणि वर दुसरी फळी बसली, जराही न डुगडुगता. माझ्या सोळा इंचांचा असा उपयोग झाला.

निघताना मी तिच्या भिंतीवरची शिंदीची एक दोरी मागून घेतली. वाकलेल्या कणगीला लावली, उंचीवर एक गाठ मारली, घेरावर दुसरी, आणि कमरेला खोचली. मी साडीवर पट्टा बांधत नसे, त्यामुळे ती नीट राहत नव्हती. जेठी बघत होती. म्हणाली, गाठ चार बोटं खाली मारलीत. आणि माझ्या हातून दोरी घेऊन स्वतः नीट मारून दिली.

चैत्राचा काळोखाचा पंधरवडा लागला तेव्हा आमच्या बेटातला बांबू तोडून गाडीने पाड्यावर पोचवला. दोरी तोवर माझ्या कमरेला होती. शाळेतही. मुली बघायच्या, विचारायची हिंमत नव्हती. जेठीसमोर गाठी सोडल्या तेव्हा तिने दोरी झटकायला सांगितली. मी झटकली.

त्यानंतरच्या बाजारात आमची भाजी पुन्हा पोत्यावर आली. वांगी मिरच्यांत, मिरच्या शेवग्यात. एका बाईने विचारलं, त्या टोपल्या कुठे गेल्या हो? मी सांगितलं, बी ठेवायला दिल्यात. समोरच्या रांगेत जेठीने पदर तोंडाला लावला. पुढे आषाढात तिच्या खाचरावरून गेले तेव्हा रोप वर आलं होतं, हिरवंगार. मी गाडीतून उतरले नाही, फक्त पाहिलं.

चंद्राचं म्हणाल तर मी हा प्रश्न सोडला नव्हता. पुढच्या वर्षी मी एकाच बेटातले दोन तुकडे घेतले, एक चांदण्यातला, एक काळोखातला. दोन्हींना चिठ्ठ्या बांधल्या, तारखा लिहिल्या आणि माळ्यावर ठेवले. वर्षभर बघायचं, असं ठरवलं. तीन महिन्यांनी वर चढले तर एकच तुकडा, बिनचिठ्ठीचा, आणि एक चिठ्ठी सुटून खाली पडलेली. दुसऱ्या तुकड्याची सासूबाईंनी काकडीच्या वेलाला काठी केली होती, आणि पडलेली चिठ्ठी नेलेल्याची की उरलेल्याची, हे कळत नव्हतं. त्यामुळे निकाल अजून लागलेला नाही. मी जेठीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, काकडी कशी आली? काकडी चांगली आली होती.

मी त्यानंतर अनेक वर्षं शिकवलं. वर्गात एखादी मुलगी "बरं, बाई" म्हणाली की मी तिथेच थांबायची नाही. पटलंय का, हे पुन्हा विचारायची. मुलींना त्याचा कंटाळा यायचा. तुमच्या आईलाही येतो.

रेवा, तुमच्या बाजारात टोपली विणायला शिकवणाऱ्या बाईंनी फांद्या कधी तोडल्या, कुठे भिजवल्या, हे सांगितलं असेल, नसेल. विचार. त्यांना आवडेल विचारलेलं. मागच्या महिन्यात मी बोईसरला गेले होते. बाजार आता खूप मोठा झालाय, भाजी रंगीत क्रेटमध्ये असते, सगळे क्रेट एका मापाचे, आणि मला ते बघून बरं वाटतं हे कबूल करते. एका कडेला एक मुलगी टोपल्या, सुपं घेऊन बसली होती, कानात फोनच्या तारा. मी एक टोपली हातात घेतली आणि विचारलं, बांबू कधीचा गं? तिने कानातली तार काढली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "काळोखातला हाय, आजी. होळीच्या आधी कोण तोडतो?"

जेठीला जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा मुलगा भाताचा तो तुकडा अजून कसतो.

सहा टोपल्यांपैकी पाच पाड्यावरच राहिल्या, मी मागितल्या नाहीत. सहावी त्याच वर्षी दिवाळीत जेठी घेऊन आली, लिंपण धुऊन काढलेली, नव्या तांदळाने भरलेली. ती माझ्या स्वयंपाकघरात खिडकीखाली आहे. तिच्यात लसूण असतो. काल हे लिहायला बसण्याआधी मी तिला पट्टी लावली. तोंड सोळा इंचांना थोडं कमी भरतं, उंची नऊच आहे. भोक एकही नाही.